विहीर आणि बोअर

लहान मुलाशी बोलताना आपण मराठी माणसं भविष्यकाळ फार वापरतो. "पडशील." "लागेल." "बुडशील बघ." मूल अजून झाडाच्या पहिल्या फांदीपर्यंत पोचलेलं नसतं, तोवर खाली उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने त्याच्या पडण्याची बातमी देऊनही टाकलेली असते. गंमत अशी की तेच मूल खरोखर पडलं, गुडघा फोडून रडत घरी आलं, की तीच आजी गुडघ्यावर हळद दाबत म्हणते, "पडे झडे, माल वाढे. काय होत नाही, ऊठ." पडण्याआधी एक भाषा, पडल्यानंतर दुसरी. या दोन भाषांच्या मधल्या जागेबद्दल मला इथे लिहायचं आहे. तीन ते आठ-दहा वर्षांच्या मुलांना घराबाहेर, मातीत, झाडावर, पाण्याजवळ छोटे छोटे धोके घेऊ द्यावेत का, किती, आणि तेव्हा जवळ कोण असावं? विषय बी.एड.वाल्यांचा वाटेल. पण आपल्या साहित्यात आणि आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात तो इतका पसरलेला आहे की साहित्य मंडळाच्या अंकात तो खपून जावा.

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार मांडले. उंचीचे खेळ, वेगाचे खेळ, हत्यारं वापरायचे खेळ, पाणी किंवा आग यांच्याजवळचे खेळ, झोंबाझोंबीचे खेळ, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाऊन हरवण्याचे खेळ. ही यादी वाचताना मला हसू आलं, कारण आपल्याकडच्या एखाद्या गल्लीत मे महिन्याच्या सुट्टीत हे सहाही प्रकार एका आठवड्यात उरकत असत. सूरपारंबीत उंची आली. टायर पळवण्यात आणि मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारण्यात वेग आला. आखाड्याच्या लाल मातीत झोंबाझोंबी, लपंडावात हरवणं. राहिली हत्यारं. त्यासाठी आपल्याकडे दिवाळीचा किल्ला आहे.

किल्ल्यावर जरा थांबावं असं मला वाटतं. बेळगावात दिवाळीआधी गल्लोगल्ली मुलं किल्ले करतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, लोक संध्याकाळी ते बघत फिरतात. आपण बघतो तो शेवटचा देखावा: हळीव पेरलेली हिरवळ, मावळे, वर महाराज. पण खरा खेळ त्याआधीचे आठ-दहा दिवस चालतो. माती कुठून तरी खणून आणायची असते. दगड उचलायचे असतात, आणि दगडाखाली विंचू असू शकतो हे माहीत असायला लागतं. फरशीचे तुकडे फोडायचे, तार वाकवायची, कुदळ चालवायची. या कामांची वाटणी कोणी कागदावर करत नाही, तरी ती असते. पाच वर्षांचं पोर माती चाळतं आणि तांब्याने पाणी आणतं. सातव्या-आठव्या वर्षी खुरपं मिळतं. कुदळ हातात यायला आणखी दोन दिवाळ्या जाव्या लागतात, आणि ती देणारा असतो गल्लीतला मोठा दादा, जो स्वतः कधीतरी पायाच्या अंगठ्यावर कुदळ मारून घेऊन शिकलेला असतो. म्हणजे धोक्याची ही एक बिनभिंतींची शाळाच आहे आणि तिच्यात इयत्ता आहेत. आता बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. ते अंगणात आणून ठेवले की हात काळे होत नाहीत, बोट कापत नाही. दिसायला तो किल्लाच असतो, पण केलेला नसतो, विकत आणलेला असतो.

सँडसेटर यांच्या मांडणीतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की या खेळांत धोक्याचं माप मूल स्वतः ठरवतं. भीती आणि मजा यांच्या मध्ये कुठे उभं राहायचं, ते त्याचं त्याला कळतं. पहिल्या फांदीवर तीन दिवस बसल्यावर चौथ्या दिवशी ते दुसरीकडे बघतं. आपण त्याला उचलून चौथ्या फांदीवर ठेवलं, तर तो त्याचा धोका राहत नाही, आपण त्याच्यावर लादलेला धोका होतो.

इथेच आपल्याला श्यामच्या आईशी भांडावं लागतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते पुस्तक आलं. त्यातली श्यामच्या पोहण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली असेल किंवा आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटात पाहिली असेल. गावातली मुलं विहिरीत पोहायला शिकतात, श्याम घाबरतो आणि घरात माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारत मारत विहिरीवर नेते आणि पाण्यात ढकलायला लावते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, हे तिचं कारण. नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिचंही काळीज हलतं.

या प्रसंगाला वर्षानुवर्षं "माउलीचं कणखर प्रेम" म्हणून वाचलं गेलंय. मला ते अर्धंच पटतं. मार देऊन पाण्यात ढकलणं, हे मुलाला धोका घेऊ देणं नव्हे. त्यात मुलाचं माप कुठेच नाही. आणि भित्रा न म्हणवून घेण्याची काळजी ही श्यामपेक्षा घराण्याच्या नावाची काळजी आहे, असंही वाटतं. पण गोष्ट परत वाचली तर तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात, ज्यांच्याकडे आपण लक्ष देत नाही. एक म्हणजे विहीर रिकामी नाही. पोहणारी माणसं पाण्यात आहेत, काठावर आहेत, आणि शिकणाऱ्याला तरंगवून धरणारी सुकड बांधायची पद्धत गावाला ठाऊक आहे. दुसरी म्हणजे दुसऱ्या दिवशीचा श्याम. तो कोणी न सांगता, आपण होऊन पोहायला निघतो. माझ्या मते खरं पोहणं त्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. पहिल्या दिवशी आईने जे केलं त्याशिवाय दुसरा दिवस उजाडला नसता का? की काठावरच्या कोणी चार दिवस नुसते पाय बुडवून बसू दिलं असतं, तरी उजाडला असता? वर्गात या प्रश्नावर वाद घालायला मला आवडेल.

श्याम कोकणातला, पालगडचा. आपल्या मातीतलं मूल हवं असेल तर लंपनकडे यावं लागतं. प्रकाश नारायण संत यांचा जन्म १९३७ चा, बेळगावचा. कवयित्री इंदिरा संत यांचे ते चिरंजीव. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या त्यांच्या चार कथासंग्रहांत लंपन भेटतो, आणि २०२४ मध्ये त्याच्यावर वेबमालिकाही आली. लंपन आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. त्याची भाषा तर आपलीच, कन्नडच्या हेलावर झुलणारी. लंपनच्या कथांवर बोलताना त्याच्या एकटेपणाबद्दल, सुमीबद्दल, सुरांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला या निमित्ताने दिसलं ते त्याचं भटकणं. हा मुलगा सारखा घराबाहेर आहे. मित्रांबरोबर, कधी एकटा. त्याला जे काही कळतं, ते रस्त्यावर, झाडाखाली, गावाच्या कडेला कळतं. आजी त्याच्यामागे धावत नाही. ती बेफिकीर आहे म्हणून नाही. गावच असं आहे की पोराला ओळखणारं कोणी ना कोणी प्रत्येक वळणावर असतं. हा "अमक्यांचा नातू" हे कोणालाही माहीत. मुलाच्या मोकळेपणाला या अनोळखी-ओळखीच्या डोळ्यांचा आधार असतो. मुलाला तो दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण संत लूकच्या शुभवर्तमानातला बारा वर्षांच्या येशूचा प्रसंग ऐकतो, तोही मला या अंगाने नव्याने दिसला. सण संपवून मरिया आणि योसेफ यरुशलेमहून परत निघतात आणि अख्ख्या एका दिवसाची वाट चालून होईपर्यंत मुलगा सोबत नाही हे त्यांच्या लक्षात येत नाही. आजच्या पालकांच्या एखाद्या ग्रुपवर या दोघांची काय अवस्था झाली असती! पण लूक कारण देतो: तो सोबतच्या लोकांत असेल असं त्यांना वाटलं. नातेवाईक होते, ओळखीचे होते. तोच डोळ्यांचा आधार. शिवाय मरियेची घालमेल लूकने लपवलेली नाही. मुलगा सापडल्यावर ती त्याला बोलते, विचारते. बारा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्या विषयातल्या मुलांपेक्षा मोठा, हे मान्य. तरी पवित्र कुटुंबातही मुलाच्या मोकळेपणाचा हिशेब आईच्या काळजातून वसूल होतो, एवढं त्यातून दिसतं.

संत जॉन बॉस्को यांचंही उदाहरण इथे येतं. लहानपणी हा शेतकऱ्याचा मुलगा दोन झाडांना दोर बांधून त्यावर चालायचा, जत्रेतल्या डोंबाऱ्यांसारख्या उड्या मारायचा. पुढे तुरीन शहरात रस्त्यावरच्या पोरांसाठी त्यांनी जे काम उभं केलं, त्यात मैदानाला वर्गाइतकंच महत्त्व होतं. त्यांच्या शिक्षणपद्धतीला "प्रतिबंधात्मक" म्हणतात. नाव ऐकून वाटेल की यात सगळं बंदच. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा होता की शिक्षकाने खेळताना मुलांमध्ये असावं, त्यांच्याबरोबर पळावं, म्हणजे शिक्षा करायची वेळ येत नाही. मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस त्यांना नको होता.

इथपर्यंत लिहिलेलं कोणी आपल्या भागातल्या एखाद्या आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणेल, "लिहायला बरं असतंय. पोर आमचं जातंय." तिचं बरोबर आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडमध्ये सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली. दोन दिवसांहून जास्त वेळ तिला काढायचे प्रयत्न चालले. ती जिवंत मिळाली नाही. ती बातमी ज्यांनी टीव्हीवर पाहिली आहे, त्यांना मुलांच्या धोक्याविषयी हसतखेळत लिहिलेलं काहीच सहन होणार नाही.

म्हणून विहीर आणि बोअर यांतला फरक नीट मांडायला हवा. विहीर दिसते. तिला काठ असतो, पायऱ्या असतात, आत पाणी चमकतं, दगड टाकला की आवाज येतो. चार वर्षांच्या मुलालाही तिच्याजवळ गेल्यावर पोटात गोळा येतो, आणि तो गोळा हीच त्याची शिकवणी असते. उघडी बोअर दिसत नाही. फूटभर रुंदीचं किंवा त्याहून लहान तोंड, त्यावर कधी गवत, कधी सडकं पोतं. खोली शेकडो फूट. तिच्यात घाबरायला काही नाही, म्हणून शिकायलाही काही नाही. पहिलीच चूक शेवटची ठरते. झाड, ओढा, दगडाची भिंत, सायकलचा उतार, हे विहिरीच्या जातीचे धोके आहेत. मूल ते वाचू शकतं आणि मागे फिरू शकतं. उघडी बोअर, लोंबकळणारी विजेची तार, झाकण नसलेलं गटार, कुंपण नसलेलं प्लास्टिकच्या कागदाचं शेततळं, हे बोअरच्या जातीचे. शेततळ्याचा उतार दिसायला सोपा असतो, पण ओल्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

माझी तक्रार अशी आहे की आपण नेमकं उलटं करतो. विहिरीच्या जातीचे धोके मुलांच्या आयुष्यातून काढून टाकण्यात आपण हुशार झालोय: झाडावर चढू नको, मातीत जाऊ नको, सायकल गेटच्या आतच फिरव. आणि बोअरच्या जातीचे धोके तसेच उघडे सोडलेत. उघड्या बोअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच नियम घालून दिले आहेत. खोदकामाच्या जागी कुंपण आणि फलक हवा, केसिंग पाइपभोवती सिमेंटचा कट्टा हवा, तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड करून किंवा मजबूत झाकण बोल्टने बसवायला हवं, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती-दगडांनी भरायला हवी. झुंजरवाडची घटना या नियमांनंतर सात वर्षांनी घडली.

पाण्याचंही तसंच. उन्हाळा आला की आपल्या पेपरात विहिरीत, तलावात, नदीत बुडालेल्या मुलांच्या बातम्या येतात. त्या वाचून आपण पोरांना पाण्यापासून लांब ठेवतो, आणि पोहायला न आलेलं मूल पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर वेदगंगेवर जातं. जागतिक आरोग्य संघटना दोन गोष्टी एकदम सांगते. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना पाण्यापासून आडोसा आणि सांभाळणारं माणूस हवं. त्याहून मोठ्यांना पोहायला शिकवावं. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून, गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून मुलांना पोहणं शिकवलं गेलं, आणि शिकलेल्या मुलांत बुडण्याचं प्रमाण खूपच कमी झालेलं आढळलं. आपल्याकडे पाठीला पत्र्याचा डबा किंवा ट्रॅक्टरची ट्यूब आणि कमरेला दोर बांधून, दोराचं टोक काकाच्या हातात देऊन जे शिकवलं जायचं, त्याचीच ही नीट बसवलेली आवृत्ती. फक्त तिकडे काकाला सवड असेल की नाही यावर मुलाचा जीव टांगलेला नाही.

आणि सवड हाच निपाणीचा प्रश्न आहे. निपाणीची तंबाखू बायकांच्या हातांनी उभी राहिली. त्यांच्या कष्टांवर आणि संघटनेवर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये माहितीपटही केला. वखारीत काम करणाऱ्या किंवा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचं पोर घराबाहेरच वाढतं. पण त्याला मोकळेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काठावर कोणी असताना मुलाला पाण्यात सोडणं वेगळं आणि काठावर कोणीच नसणं वेगळं. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद आहे, पण ती कारखान्यासाठी. घरात विड्या वळणाऱ्या आईच्या मांडीवरचं सूप म्हणजे काही कारखाना नव्हे. शहरातल्या मुलाचा धोका काढून घेतलाय आणि या मुलाचा धोका त्याच्यावर सोडून दिलाय. दोघांनाही दादा, काका, आजी यांपैकी कोणी मिळालेलं नाही.

मग उरते अंगणवाडी. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, यातून अंगणवाडी आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. सीमाप्रश्नावर आपण कितीही हमरीतुमरीवर येवोत, "अंगणवाडी" हा शब्द कन्नडने सहज घेतला आणि त्यावर कोणी मोर्चा काढलेला ऐकिवात नाही! पण आता या शब्दातलं अंगणच हरवत चाललंय. पुष्कळ ठिकाणी ती एक खोली असते, भिंतीवर रंगवलेलं झाड आणि रंगवलेला हत्ती. रंगवलेल्या झाडावरून कोणी पडत नाही.

तिथे फार काही लागत नाही. मातीचा एक ढीग, अर्धे पुरलेले दोन-तीन टायर, एखादं कमी उंचीचं झाड किंवा लाकडाचा आडवा ओंडका. आणि ताईच्या तोंडी थोडी वेगळी मराठी. ओंडक्यावर चढलेल्या पोराला "पडशील" न म्हणता "आता पुढचा पाय कुठं ठेवणार?" असं विचारलं, की ते खाली बघतं आणि पाय ठेवायची जागा शोधतं. वाक्य भविष्यकाळातलंच आहे, पण त्यात पोराच्या हातात काहीतरी राहतं. अर्थात एका ताईवर तीस मुलं, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि सर्वेक्षणं असतील, तर तिच्याकडून हेही मागणं अन्यायाचं आहे. मदतनीस वाढवा, मग मागा.

आपल्याला करता येण्यासारखं एक काम मात्र समोर आहे. एन.एस.एस.चं शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात जातं, रस्ते झाडतं, भिंती रंगवतं. यंदा त्या गावातल्या उघड्या बोअरची यादी करून ती ग्रामपंचायतीला लेखी द्यावी, आणि झाकण बसेपर्यंत पाठपुरावा करावा. यादी करताना सोबत गावातली नऊ-दहा वर्षांची पोरं घ्यावीत. कुठल्या शेतात कुठली बोअर उघडी आहे, हे भटकणाऱ्या पोरांना पंचायतीपेक्षा जास्त माहीत असतं. फक्त त्यांनी लांबूनच बोट दाखवायचं.